बालीचा फोटो

पियुष आणि पूनम सवड काढून देशोदेशी हिंडायचे. कधी श्रीलंकेतले हत्ती, कधी व्हिएतनामचं जेवण. पियुषच्या आईला शेजारची समीक्षा त्यांचे फोटो मोबाईलवर दाखवायची, आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीत एकटी राहणारी धोंडूबाई लेकासुनेचं कौतुक सांगत वाडीभर फिरायची.

यंदा मात्र तिने फोन करून लेकाला भातलावणीला बोलावलं. "आई, चिखलात उभं राहणं मला नाय जमायचं आता," तो म्हणाला. तिच्या एकटीच्या हाताने अर्धंच शेत लागलं.

आज बालीचा फोटो आला. एका म्हाताऱ्या शेतकरणीच्या शेतात, गुडघाभर चिखलात, दोघं हसत भात लावत होते.

"काकी, हा पियुषदादाच ना गो?"

धोंडूबाईने मोबाईल परत दिला.


"नाय गो. त्या म्हातारीचा लेक असंल."