शेवटची फेरी

लहानपणी ती बाबा आणि काकांच्या मध्ये, सोफ्यावर दाटीवाटीने बसून बॉक्सिंगचे सामने बघायची. एक ठोसा बसला की दोघं असा आरडाओरडा करायचे, की स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "अहो, शेजारी काय म्हणतील!"

आता बाबांना घरातलं कुणीच ओळखू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जुन्या आवडीच्या गोष्टी दाखवत राहा. म्हणून ती रोज त्यांच्याशेजारी बसून तेव्हाचाच एक सामना लावायची आणि काकांसारखी ओरडायची. बाबा मात्र टीव्ही सोडून सगळीकडे बघत बसायचे.

आज तिचा धीर सुटला.

"बाबा, बघा तरी इकडे! मी इथे घसा फोडून ओरडतेय आणि तुम्हाला काहीच कसं आठवत नाही हो?"

शेवटची फेरी सुरू झाली, तसा बाबांनी तिच्या हातातला रिमोट ओढून घेतला आणि टीव्ही बंद केला.



"बाई, पुढचं नका लावू. हा निळ्या चड्डीवाला हरतो, आणि मग माझी लेक रडून घर डोक्यावर घेते."