नव्या सिस्टीमचा नारळ

इंजिनिअरनं साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरात नवी सिस्टीम घातली आणि तो गेस्ट हाऊसवर गेला. लगेच चेअरमन आबारावांनी पूजा मांडली. त्या एसीच्या खोलीत दगड कुठला मिळायचा? त्यांनी कॉम्प्युटरच्याच लोखंडी पेटीच्या कडेवर नारळ आपटला. ऑपरेटर मी, पण बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो, म्हणून मला दाराशीच उभं केलं होतं.

सकाळी बटण दाबलं, तर पडदा काळाच. वायर काढून पुन्हा घातली, तरी काही हलेना. त्या सालच्या दुष्काळात आमच्या घरची चूल माझ्या एकटीच्या नोकरीवर पेटत होती.

"भिऊ नको, पोरी. म्या हाय न्हवं," हेडक्लार्क श्रीपतीकाका म्हणाले.

तेवढ्यात आबाराव आले. "ज्यानं ही मशीन बिघडवली, त्याला आजच्या आज घरी बसवतो!"

इंजिनिअरला बोलावलं. त्यानं पेटी उघडली. आत सगळीकडं चिकट ओल होती आणि एका कार्डाच्या फटीत करवंटीची कपची अडकली होती.

"मशीनवर नारळ कुणी फोडला?" त्यानं विचारलं.



"ह्या अयोध्यानं," आबाराव माझ्याकडं बोट करून शांतपणे म्हणाले.

मी श्रीपतीकाकांकडं बघितलं.

 

"व्हय साहेब," काका म्हणाले, "लई सांगितलं तिला, पर ऐकलंच न्हाय."