शिवेवरचा थांबा

“दोन दशांश एक शून्य,” तसनीमने वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. बाक मोजणाऱ्या डायल गेजची सुई तिथेच होती.

नव्या पुलाच्या भारचाचणीसाठी मधल्या गाळ्यावर, म्हणजे दोन खांबांमधल्या भागावर, खडीने भरलेले सहा डंपर चोवीस तास उभे केले होते. एकशे अडुसष्ट टन. चाळीस मीटरचा गाळा त्यांच्याखाली बारा मिलिमीटर वाकला, गणिताने सांगितले होते तेवढाच. डंपर उतरल्याला आज पुन्हा चोवीस तास झाले होते. एव्हाना गाळ्याने पंच्याऐंशी टक्के तरी परत वर यायला हवे होते. म्हणजे उरलेला बाक १.८०च्या आत. तो २.१० होता.

“नापास लिहू?” तिचा सहायक सुहास वही उघडून बसला होता. “मग जूनच्या आत पूल सुरू होत नाही. यंदाही चार महिने पलीकडची वाडी तुटणार.”

सावित्री नदीच्या पात्रात, गर्डरखालच्या परांचीवर, तसनीम सुईकडे पाहत राहिली. शिमग्याचे ढोल आठ दिवस इतके वाजत होते की आता ते कानाला जाणवतही नव्हते. पण सुई थरथरत होती. रिकामा पूल असा थरथरत नाही.

ती वर चढली. पुलाच्या तोंडाशी गावचा राखणदार मालोजी अनवाणी उभा होता. पुलाच्या ऐन मध्यावर गावदेवीची पालखी, आणि भोवती दोनशे माणसे.

“काका, कोणाला वर सोडू नका म्हटलं होतं ना?”

“गाड्या तर कालच उतरल्या. मला वाटला, झाली तुमची परीक्षा.” मालोजी ओशाळला. “आन् आईला कसा अडवू, मॅडम? नदीच्या मधोमध दोन गावांची शीव हाय. थय नारळ फुटल्याबिगर पालखी हलत नाय. दरसाल पाण्यातनं न्यायचो.”

नदीचा मध्य म्हणजे गाळ्याचा मध्य. वजन सर्वाधिक जाणवते ती जागा. दोनशे माणसे, दहा टन. तिने मनात भागाकार केला. तीन माणसांमागे सुईची एक रेघ, मिलिमीटरचा शंभरावा भाग.

नारळ फुटला. पालखी पलीकडे निघाली.

“मॅडम, सुई फिरतेय!” खालून सुहास ओरडला. “एक नव्वद... एक साठ... एक एकोणचाळीस! पास?”

“थांब. एका वाचनावर नाही. माणसं परत आली की सुईही परत तिथेच यायला हवी.”

ती धावत पालखीपुढे गेली. “काकी, पाच मिनिटं परत शिवेवर आणाल?”

पालखीची मानकरीण असलेल्या तुळजाबाईने तिला न्याहाळले आणि भोयांकडे वळून हात उंचावला. “फिरवा रे मागं! मॅडमला दर्शन हवा हाय.”

पालखी मध्यावर आली. गर्दी आली. ढोल थांबले.

“दोन दशांश एक शून्य!” खालून आवाज आला. “तीच रेघ, मॅडम!”

चारशे टनांच्या त्या काँक्रीटने एकेका माणसाचे येणे-जाणे टिपले होते. तसनीमच्या अंगावर काटा आला.

“पास लिही,” ती म्हणाली.

“झाला का गो दर्शन?” तुळजाबाईने विचारले.

तसनीम पायाखाली पाहत होती. “झालं, काकी.”