फिरती स्टेपनी

हे लिहायचंच नाही, असं पैलवानाने जवळजवळ ठरवलं होतं. कागद दोनदा त्याच्यापुढे आला आणि दोनदा त्याने तो शेजारी सरकवला. पैलवान हे नुसतं म्हणायला. अंगाने काडी, त्यावर ड्रायव्हरचा ढगळ शर्ट.

दुपारचे चार वाजले होते. पहाटेपासून गाड्या चालवून ड्रायव्हरांच्या खोलीत सगळ्यांच्या पाठीचा भुगा झालेला. टेबलावर ऑफिसचा कागद. ‘नवीन टायर. आपला अनुभव लिहा.’ खाली लांब्या सोडून बाकी तिघांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ.

अनुभव कशाला हवाय, हे सगळ्यांना माहीत होतं. गेल्या गुरुवारी लांब्याच्या गाडीचा टायर भर रस्त्यात फुटला आणि गाडी दुभाजकावर चढली. मागे बसलेल्या मॅडमच्या कपाळाला टेंगूळ, लांब्याचा डावा हात गळ्यात. साहेबांचं म्हणणं, टायर चांगलेच आहेत, हाच सुसाट असणार. उद्या सकाळी निकाल. टायर खराब ठरला तर लांब्याची नोकरी राहणार. चांगला ठरला तर घरी.

“वाईट काय आहे टायरला?” काकांनी पेन उचललं. खोलीत सगळ्यात जुने तेच. “लोण्यासारखी जाते गाडी.”

“तुमची गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जातच नाही काका,” विमानवाला म्हणाला. विमानतळाच्या फेऱ्या त्याच्याकडे होत्या. “तुम्हाला लाकडाची चाकं दिली तरी पाच वर्षं काढाल. माझ्याबरोबर या एकदा ओल्या रस्त्यावर. ब्रेक दाबला की गाडी विचार करत बसते, थांबू की नको.”

“जुन्या कंपनीचे बरे होते म्हण आता.”

“होतेच बरे.”

“तेव्हा त्यांनाही शिव्याच घालायचास की.”

विमानवाला हसला, पण मनापासून नाही. काकांनी ‘उत्तम’ लिहिलं. त्याने ‘पावसात जपून, बाकी ठीक’ लिहिलं. कोपऱ्यात बाकावर लांब्या बसला होता, त्याच्याकडे दोघांनीही बघितलं नाही. चाव्या उचलल्या आणि पुढच्या फेरीला गेले.

आता कागद सरकवायला कुणी उरलं नव्हतं.

पैलवानाने पेन धरलं आणि सोडलं. परत धरलं. फुटला तो टायर स्टेपनीचा होता. नवीनच, पण कधीतरी कुणाकडून खड्ड्यात जोरात आपटलेला, आणि आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलेला. ऑफिसात सांगायची सोय नव्हती. सांगितलं की कुठे आपटलास, कसा आपटलास, आणि वर नावापुढे शेरा. तीन शेरे झाले की बाहेर. मग गाड्या धुवायच्या जागेवर, आजूबाजूला कुणी नसलं की, ज्याच्या डिकीत तो सापडायचा तो गुपचूप दुसऱ्याच्या डिकीत टाकायचा आणि त्याची चांगली स्टेपनी उचलून आणायचा. तोंडाने कुणी कधी काही बोललं नाही. टायर फिरत राहिला.

पैलवान लिहायला लागला. ओळ संपली, तो समासात गेला, मग कागद उलटा केला.

“काय रे एवढं?” लांब्याने विचारलं. “टायरचा अनुभव आहे. लग्नाचा नाही.”

“मंगळवारी तो टायर मी टाकला तुझ्या डिकीत.” पैलवानाने मान वर केली नाही. “तू चावी द्यायला आत गेला होतास.”

लांब्याने गळ्यातल्या पट्टीची गाठ जराशी सैल केली. बराच वेळ लावला त्याने.

“बुधवारी बघितला मी फुगा,” तो म्हणाला. “म्हटलं, शुक्रवारी गाड्या धुवायला लागतील, तेव्हा काकांच्या डिकीत सरकवू. तर गुरुवारीच पंक्चर. मॅडमची ट्रेन सुटत होती. दुसरं लावणार काय? चाळीसच्या वर नव्हतो रे.”

“काकांनीच तर मला दिला असणार तो.”

“आणि काकांना विमानवाल्याने.”

पैलवानाला हसू आलं, पण अर्ध्यातच थकलं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं-टूं आवाज बराच वेळ येत राहिला.

“फाड तो कागद,” लांब्या म्हणाला. “दोन शेरे आहेत तुझे. हा तिसरा पडेल. दोघांनी घरी बसून काय पत्ते खेळायचे?”

“ट्रेनचं लिहू?”

“मी काय सांगतोय तुला?”

“चाळीसचं लिहिलंय. ट्रेनचं राहिलंय.”

लांब्याने डोळे मिटले आणि डोकं मागे भिंतीला टेकलं. झोप लागल्यासारखा दिसत होता. मग तसाच बोलला, “मी बघितला होता, तेही लिही. अर्धं सांगून काय होणार आहे.”

पैलवानाने तेही लिहिलं. खाली सही केली. अक्षर आधीच गचाळ, त्यात पेन अडकत होतं, म्हणून शेवटचा शब्द दोनदा गिरवला.

“उद्या साहेबांपुढे येशील ना पण?” लांब्याने विचारलं. “की सकाळी फेरी निघेल तुझी?”

“तू बाहेरच्या बाकावर बस,” पैलवान म्हणाला. “आधी मी जातो आत.”