तुझंच नाव

‘पासवर्ड चुकला. पुन्हा प्रयत्न करा.’

झुलीखाने पुन्हा प्रयत्न केला. एकेका कळीवर बोट टेकवून, नीट बघून, स्वतःचं नाव लिहिलं. पडद्यावर आठ काळे ठिपके उमटले. इंग्रजीत लिहिलं की तिच्या नावात अक्षरंही आठच. तिने एंटर दाबलं. पासवर्ड पुन्हा चुकला.

“माझं नाव मला येत नाही होय रे?” ती लॅपटॉपवरच खेकसली.

लॅपटॉप तिच्या नवऱ्याचा, मुलूदचा. त्याला जाऊन आज चाळिसावा दिवस. संध्याकाळी माणसं जेवायला येणार होती. स्वयंपाकघरात त्याची थोरली बहीण नुआरा रव्याचा कुसकुस वाफवत होती. बैठकीत ठेवायला झुलीखाला त्याचा एक हसरा फोटो हवा होता. पासपोर्टावरचा नको, त्यात तो दाढ दुखत असल्यासारखा दिसायचा. हसरे होते ते सगळे या यंत्रात.

आणि यंत्र तरी कसलं! बेजायाच्या नगरपालिकेत तिने अख्खी नोकरी विंडोजवर काढली. मुलूदला नेमकं विंडोजचं वावडं. त्याच्याकडे लिनक्स, झाकणावर पेंग्विनचं चित्र. “एकदा बसून तर बघ,” म्हणून तो वर्षानुवर्षं मागे लागायचा. “तुझा पक्षी तुला लखलाभ,” असं म्हणून ती विषय संपवायची. दक्षिणेत गॅसच्या कामावर असताना इंग्रज साहेबांच्या यंत्रांवर त्याचा हात बसला होता. टाइप करताना तो कळींकडे बघतच नसे. नजर छताकडे, तोंडात शीळ, आणि बोटं आपली पळताहेत. “कधी लागलाच तर पासवर्ड तुझंच नाव आहे बरं,” हे मात्र तो चारचौघांत सांगायचा. तिच्या बहिणी हसायच्या. ती उगाच रागावल्यासारखं करायची.

आज ती पहिल्यांदा बसली, आणि हे असं.

तिने नावापुढे लग्नाचं साल जोडून पाहिलं. चुकला. माहेरचं आडनाव घातलं. चुकला. तो लाडाने हाक मारायचा ते ‘झुझू’ घातलं, तेही चुकलं. तिचे कान तापले.

मग तिला दलीला आठवली. मुलूदच्या कचेरीतली. तो गेला त्या दिवशी घरात येऊन बायकोपेक्षा मोठ्याने रडलेली. झुलीखाने उठून दार लोटून घेतलं, ते नाव लिहिलं आणि एंटरवर बोट ठेवून जरा थांबली. मग दाबलं.

चुकला. पण जीव भांड्यात पडावा, तर तेही नाही. ही नाही, मग कोण?

“लाल्ला नुआरा!” तिने दार उघडून थोरल्या नणंदेला मानाने हाक मारली. “आज दलीलाला ताट वाढायचं नाही.”

“का गं बाई? काय केलं त्या बिचारीने?”

“तुमच्या भावाला विचारा.”

“त्याला आता कुठे जाऊन विचारू?”

“तेच तर! सोयीस्कर गेले.”

रव्याने माखलेले हात तसेच घेऊन नुआरा दारात आली. “उघडत नाही म्हणून इतकं? मुलूद खोटं बोलणाऱ्यातला नव्हता गं.”

“मग मी खोटी का? सगळ्या गावासमोर माझं नाव घ्यायचं, आणि कुलूप भलत्याच नावाचं लावायचं!” झुलीखाचा आवाज चिरकला. तिला रडू येत नव्हतं, नुसता संताप होत होता. जिवंत असता तर भांडली असती, चार दिवस अबोला धरला असता. आता भांडणार तरी कुणाशी?

तिने शेवटचं म्हणून नाव लिहिलं, लिहिलं म्हणजे बडवलंच. त्या भरात पडद्यावरचा बाण रकान्याच्या कडेला गेला आणि तिथल्या बारीकशा डोळ्याच्या चिन्हावर टिचकी बसली. ठिपके गेले. त्यांच्या जागी अक्षरं दिसली. नावाच्या सुरुवातीला झेडऐवजी डब्ल्यू, शेवटी ए-ऐवजी क्यू. मधलं सगळं बरोबर.

“बघा! नावसुद्धा धड लिहीत नाही मेलं!”

तिने ए छापलेली कळ पुन्हा दाबली. पडद्यावर क्यू. आणखी एकदा दाबली, तरी क्यू. मग तिने क्यू छापलेली कळ दाबली. पडद्यावर ए आला.

झुलीखाचा हात तिथेच थांबला. कळींवरची छपाई फ्रेंच कीबोर्डच्या क्रमाची, इथल्या दुकानांत मिळते तशी. आत मात्र त्याने इंग्रजी क्रम लावून ठेवलेला, बोटांच्या सवयीचा. वर काय छापलंय हे त्या माणसाने कधी पाहिलंच नव्हतं. तो छताकडे बघत तिचं नाव लिहीत होता.

तिने सगळं पुसलं. झेडसाठी डब्ल्यूची कळ दाबली, ए-साठी क्यूची. आठ अक्षरं सावकाश लिहिली. तिचं नाव पडद्यावर धड उमटलं. तिने एंटर दाबलं आणि लॅपटॉप उघडला.

“उघडला?” नुआराने मान पुढे काढली. “कुणाचं नाव होतं गं?”

झुलीखाने नाक पुसलं.

“दलीलाचं ताट वाढा, लाल्ला. आणि मटण जरा जास्त घाला.”

नुआरा पुटपुटत चुलीकडे गेली. थोड्या वेळाने तिकडूनच ओरडली, “फोटो सापडला का?”

“शोधतेय.”

कचेरीत जागेवरून उठताना झुलीखा विंडोजची खूण असलेली कळ आणि एल एकदम दाबायची, की यंत्राला कुलूप. तिने आता तेच केलं. तिची ही एक सवय पेंग्विनलाही कळली. कुलूप लागलं.

मग तिने पुन्हा एकदा स्वतःचं नाव लिहिलं.