डावी करंगळी

गळीत हंगाम तोंडावर असताना संयोगिता अपघातातून उठून शिरोळजवळच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागात परतली. डाव्या हाताची बोटं अजून बधिरच होती. टर्मिनल तेच होतं, कमांड पाठ होत्या; पण प्रोग्रॅम लिहायच्या तिच्या सवयीच्या ईमॅक्स एडिटरमध्ये सारखं डाव्या करंगळीनं कंट्रोलचं बटण दाबून धरावं लागायचं. करंगळी बटणावर आहे की नाही, हेच कळेना. “उद्यापासून टेलिफोनवर बसा की,” साहेब म्हणाले. शेजारच्या शिवांजलीनं खुर्ची ओढली. “माझा व्हीआय एडिटर वापर. एकेक बटण दाबायचं, एक हात बास हाय.” ज्या एडिटरची वर्षानुवर्षं चेष्टा केली, तो संयोगितानं मुकाट्यानं उघडला. संध्याकाळी तिचा ऊसवजनाचा प्रोग्रॅम बिनचूक चालला. साहेब मान डोलावून गेले. “जमलं की गं!” शिवांजलीनं तिची बोटं घट्ट दाबली. संयोगिता हसली. डाव्या हाताची बोटं दाबलीत, ते तिला खाली बघितल्यावर कळलं.