दर्यावरची गोधडी

धुरपताबाईनं सूप हातातून खाली ठेवलंच नाही. तय्यब अंगणात येऊन बसला, पाणी प्यायला, तरी तिचं तुरी पाखडणं चालूच. पाखडून झालेल्या तुरीच ती पुन्हा सुपात घेत होती.

तय्यब आणि तिचा मदनसिंग, कामरगावची ही दोन पोरं लढाईच्या दिवसांत जहाजावर कोळसा ओढायला गेली. परतला एकटा तय्यब. जहाज बर्फात अडकलं, चालत किनाऱ्याकडं निघालेला मदनसिंग बर्फ फुटून समुद्रात गेला, एवढंच तिच्या कानावर आलं होतं आणि ते तिला मुळीच पटलं नव्हतं.

"दर्या गोठते म्हनतं तू. त्याच्यावरून बैलगाडी जाईन म्हनतं. अन् माह्या पोराच्याच पायाखाली फुटते?"

"सगळीकडं सारखा नसते, मावशी." तय्यब चुळबुळला. "उघडा बर्फ काचेवानी. थंडी त्याले थेट लागते, मंग तो खालून जाड होत जाते. पन वरून कापसावानी भुरभुर बर्फ पडला, का तो गोधडीवानी पांघरून बसते. थंडी खाली जाऊच देत नाई. तिथं खालचा बर्फ पातळ राह्यते."

"मंग मदन तिकडं काहून गेला?"

"उघड्यावर पाय घसरत होता. लय आपटला. मंग म्हने, गावात गाऱ्याची वाट सोडून गवतानं चालतो, तसं या भुरभुर बर्फावरून चालू. मी मांगून ओरडलो, पन..."

सूप थांबलं. पावसाळ्यात घसरडा चिखल टाळून गवतावरून चालायचं, हे त्याला बोट धरून तिनंच शिकवलं होतं. तय्यबला ते ठाऊक होतं. म्हणून तर गावात येऊनही तो इतके दिवस इकडं फिरकला नव्हता.

ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. सूप उगाच उचललं, उगाच ठेवलं. आता ही शिव्या घालणार, असं तय्यबला वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तय्यब, वरून गोधडी होती म्हनतं ना?"

"हो."

"मंग खालचं पानी कोमट असन. थंडी नसन वाजली त्याले."

त्याच पाण्यात हात घालून तय्यबनं मदनला चाचपलं होतं. उजव्या हाताची दोन बोटं त्या गारठ्यानं नेली होती. तो हात त्यानं हळूच मांडीखाली घेतला.

"नाई मावशी," तो म्हणाला. "नसन वाजली."